उशाकडची दोरी

किल्ट, म्हणजे पुरुषांचा चुणीदार घागरा, कसा नेसावा याविषयी स्कॉटलंडात असंख्य मते असली, तरी त्यांपैकी एकच बरोबर असून ते आपले आहे, असा टॉर्क्विल मॅकास्किल यांचा सिद्धान्त होता. चुण्या मागे, झालर उजवीकडे, काठ गुडघ्याच्या मध्यावर, आणि आत काहीही नाही. ज्याला आत काही लागते त्याने सरळ विजार घालावी, निदान ढोंग तरी टळेल, असे ते इन्व्हर्नेसच्या शाळेत लॅटिन शिकवीत असल्यापासून सांगत आले होते.

अशा माणसाचे वडील वारले. शवपेटी खड्ड्यात सोडताना उशाकडची दोरी थोरल्या मुलाने धरायची, हा त्यांच्या जन्मबेटावरचा रिवाज. आणि ती धरण्याचे वचन टॉर्क्विल यांनी मरणोन्मुख बापाला दिले होते. परंतु ती दोरी मोराग आत्यालाही हवी होती. भावाच्या अखेरच्या वर्षांत त्याला भरवले, पुसले, कुशीवर वळवले ते तिने. टॉर्क्विल नाताळला एक बाटली घेऊन येत आणि सल्ला ठेवून जात. बाईने दोरी धरल्याचा एकही दाखला या बेटावर नाही, हे त्यांनी तिला साधार समजावून सांगितले. तिला ते पटले नाही. 

दफनाच्या सकाळी त्यांनी कपड्यांच्या ट्रंकेतून वडिलांचाच किल्ट काढला. आत्याने त्याचे कंबरेचे पट्टे चाचपून पाहिले.

"चामडं कुजलंय रे. भाड्याचा आण."

"भाड्याचा किल्ट वाढप्यांनी नेसावा, आत्या."

"बरं बाबा. तुझ्या बापाची कंबर तुझ्याहून बारीक होती, एवढंच सांगते."

पहिला पट्टा शवपेटी खांद्यावर घेतानाच तुटला. टॉर्क्विल यांनी कोपराने कंबर दाबून धरली आणि चालीला एक शोकाकुल तिरपेपणा आणला. दुसरा पट्टा कबरीपाशी, दोरी उचलायला वाकताना तुटला. आता सारी भिस्त पुढे लटकणाऱ्या केसाळ पिशवीच्या साखळीवर होती, आणि साखळी पोटाच्या उतारावरून निघाली होती. समुद्रावरून वारा सुटला होता. दोन्ही हातांत दोरी. प्रार्थनेसाठी सर्वांचे डोळे मिटलेले होते, हे सुदैव. पण प्रार्थनांना अंत असतो.

इतक्यात मागून कुणीतरी चुण्या मुठीत धरल्या.

"सोडू की धरू?" आत्याने कानाशी विचारले.

"धर, आत्या. देवाशपथ, धर."

"संधिवात आहे मला. या वाऱ्यापुढे किल्ट माझ्यानं निभायचा नाही. दोरी निभेल."

"आत्या, दाखला नाही याला."

"आता होईल."

पाद्रीसाहेब 'आमेन'च्या अगदी जवळ आले होते. टॉर्क्विल यांनी दोरी दिली.

पेटी खाली गेली ती सरळ, कुठेही न कलता, न आपटता. "हळू जा रे, घाई नाही," एवढेच आत्या म्हणाली, आणि ते भाच्याला उद्देशून नव्हते. टॉर्क्विल कंबर आवळून उभे होते. बापाला दिलेले शेवटचे वचन त्यांच्या देखत जमिनीत चालले होते, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे त्यांना डोळेसुद्धा पुसता आले नाहीत.

पुढे फाटकापाशी सारा गाव हस्तांदोलनासाठी रांगेत आला. कोळ्यांनी, मेंढपाळांनी हात पुढे केले. टॉर्क्विल कंबरेवरचे हात न काढता प्रत्येकाकडे पाहून मान तेवढी लववीत राहिले.

संध्याकाळपर्यंत गावाने निकाल देऊन टाकला. मास्तराने बापाची दोरी म्हातारीच्या गळ्यात घातली, स्वतः कंबरेवर हात ठेवून पाहत राहिला, आणि गरिबांच्या हाताला हातही लावला नाही! आत्याने एक वाक्य बोलून हा कलंक पुसता आला असता. किल्टची गोष्ट सांगू का, असे तिने त्यांना विचारलेही. टॉर्क्विल यांनी दोन्ही बाजू नीट तोलून पाहिल्या, आणि गर्विष्ठ ठरणे पत्करले.