जात्याच्या चालीवर जीप

आबांनी भाकरीचा पापुद्रा उचलला, वास घेतला, ताटात परत ठेवला आणि मग निकाल दिला. "औंदाबी ती जीप बैलानं वडून आणाय लागली, न्हाईतर ढालीबिगर आली, तर तिचं इंजीन हिरीवर जाणार. उसाला पाणी तरी लागंल."

त्यांचा मुलगा कृष्णात खाली मान घालून जेवत राहिला. त्यानं लष्करात अठरा वर्षं गाड्या हाकल्या होत्या. पेन्शनीत आल्यावर लष्कराच्या लिलावात ती जीप घेतली, रहिमतपूरच्या घरी आणली आणि गोठ्यात म्हशीच्या शेजारी बांधली. म्हैस दूध देई, जीप फक्त तेल पिई. तरी दरवर्षी पौषात मोटारहौशी मंडळींची तीन दिवसांची रॅली निघाली की कृष्णातच्या अंगात वारं शिरे. डॉक्टर, वकील, कारखान्याचे इंजिनिअर अशी अकरा गाड्यांची मंडळी साताऱ्याहून निघत, विटा, सांगली, आष्टा करून परत साताऱ्याला येत. गेली दोन वर्षं दहाच गाड्या आपल्या पायांनी परतल्या होत्या. अकरावी कुणाची, हे आबांच्या बैलांना विचारावं.

ही काही पळायची शर्यत नव्हती. ताशी चाळीस किलोमीटरची चाल ठरलेली. वाटेत झाडाआड, देवळामागं पंच लपून बसत आणि गाडी नेमक्या मिनिटाला आली का ते बघत. एक मिनिट उशीर झाला तर एक गुण जाई, एक मिनिट लवकर पोचलं तर दोन; सगळ्यात कमी गुण जातील त्याला ढाल. त्यामुळं चाकापेक्षा घड्याळ मोठं. गाडीत दोन माणसं असायचीच, एक हाकणारा आणि एक घड्याळ बघणारा. कृष्णातचं घड्याळ बघायला आकाराम हा त्याचा जिवलग दोस्त बसायचा. चौऱ्याहत्तर साली रॅलीच्या आदल्या दिवशी आकारामला गालफुगी झाली. त्याचं तोंड असं सुजलं की वेळ सांगायची सोडा, पाणीसुद्धा जाईना.

"मी बसते की," चुलीपुढून शालूबाई म्हणाली. "आष्ट्यावरनं जाणार म्हंजी माझं माहेर वाटंतच हाय."

दुसरं माणूस मिळणार नव्हतं. कृष्णातनं बायकोला घड्याळ कसं बघायचं ते शिकवलं आणि ती दोघं साताऱ्याला गेली.

लष्करी शिस्तीप्रमाणं कृष्णातनं पहाटे उठून घड्याळाला चावी दिली. शालूबाई जबाबदारीची बाई. आपल्या ताब्यात आलेल्या जिनसेला आपण काही घातलं नाही तर बरं दिसत नाही, म्हणून तिनंही आंघोळीनंतर चावी दिली. चावी फिरेनाशी झाली, तेव्हा मनाच्या समाधानासाठी आणखी थोडी दिली.

आठ वाजता निशाण पडलं. ऊस लादलेल्या बैलगाड्या चुकवत, धुक्यातून जीप निघाली. रहिमतपूरची वेस दिसू लागली तसं कृष्णातनं विचारलं, "किती वाजलं?"

"आठ."

"आगं, निघालो तवा आठ वाजलं हुतं."

"तेच म्हंते मी," शालूबाई कौतुकानं म्हणाली. "तुमी लय झ्याक हाकताय. येळ अजिबात लागला न्हाई."

दोन मिनिटं लवकर पोचल्याचे चार गुण तिथल्या तिथं गेले. वेशीपाशी आबा बांधावर बसले होते. शेजारी दोराचं वेटोळं. त्यांनी दोर थोडा वर उचलून दाखवला. त्याच वेळी मागून नानासो वकील आपल्या लांबलचक काळ्या मोटारीतून आले. त्यांच्या गळ्यात एक नाही, दोन स्टॉपवॉच. कृष्णातला बंद पडलेलं घड्याळ कानाशी हलवताना पाहून, "का कृष्णात, घड्याळ उपाशी का?" असं विचारून ते हसले. घड्याळ उसनं मागायचं कृष्णातच्या ओठांवर आलेलं पुन्हा पोटात गेलं.

त्यानं जीप चालू केली खरी, पण त्याचा चेहरा उतरला होता. इंजीन विहिरीवर बसलेलं त्याला दिसायला लागलं होतं.

"असं तोंड नगा पाडू," शालूबाई म्हणाली. "माझ्यापाशी हाय की घड्याळ."

आबांना गिरणीचं पीठ जळकं लागे. त्यामुळं गावात गिरणी येऊन दहा वर्षं झाली तरी शालूबाईचं जातं सुटलं नव्हतं. पलीकडच्या साखर कारखान्याचा पहिला भोंगा झाला की ती जात्यावर बसे, अर्ध्या तासानं दुसरा भोंगा झाला की उठे. मधे तीस ओव्या होत. प्रत्येक ओळ दोनदा, शेवटी एक लांब हुंकार. बारा वर्षांत एकोणतीस झाल्या नाहीत की एकतीस झाल्या नाहीत. म्हणजे एक ओवी एक मिनिटाची.

कृष्णातनं मनातल्या मनात गणित घातलं. ताशी चाळीस म्हणजे तीन मिनिटांत दोन किलोमीटर. "दोन दगडांना तीन ओव्या," तो म्हणाला. "म्हण."

शालूबाईनं डोक्यावरचा पदर दातात धरला, मग सोडला, आणि इंजिनाच्या वर आवाज काढला.

माझ्या दारात सवत, तिला चार चाकं काळी
तिच्या पोटाखाली निजे, माझा धनी सांज-सकाळी

कृष्णात चमकला. "ही कुठली ओवी?"

"मधी बोलू नगासा. मोजणी चुकंल."

तेव्हा त्याला उमगलं की आपण कशात सापडलो आहोत. बारा वर्षं तो आधी पलटणीत आणि मग घरी गाढ झोपेत असताना, पहाटे बायको जात्याशी काय बोलत होती ते आता त्याला भर उन्हात, चाळीसच्या चालीनं, विट्यापर्यंत ऐकायचं होतं आणि उलट शब्द काढायची सोय नव्हती. जीपचं तेल ओवीत आलं, पाटलांच्या लग्नाला नेसायचं राहून गेलेलं लुगडं आलं, आणि आबा तर पुन्हा पुन्हा आले.

तोंडामधी दात तीन, सासऱ्याचा थाट मोठा
गिरणी नको म्हणे, फिरव गं सुने खुंटा

रानात खुरपणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघत राहत. ओवी घरात ऐकलेली, ओढ्याला ऐकलेली. धुरळा उडवत, वळणावर हॉर्न वाजवत जाणारी ओवी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. एकीनं तर खुरपं उंच करून पुढची ओळ पुरवली, ती जीपच्या मागं बराच वेळ धावत राहिली.

कडेगावला बाभळीआड पंच होते. एकही गुण गेला नाही. विट्यालाही नाही. संध्याकाळी सगळे हौशी एकमेकांची बॉनेटं उघडून कार्बुरेटरच्या गप्पा मारत बसले, तेव्हा नानासो मात्र जीपमध्ये चालू घड्याळ कुठं आहे तेच शोधत होते. त्यांच्या दोन स्टॉपवॉचमध्ये अर्ध्या मिनिटाचा फरक पडत होता आणि खरं कुठलं यावरून त्यांचं शेजारी बसणाऱ्या मेव्हण्याशी बोलणं बंद झालं होतं.

दुसरा दिवस सांगलीपर्यंत सरळ गेला. आष्टा जवळ आलं आणि शालूबाईचा गळा बदलला.

आष्ट्याच्या शिवंवरी, वारा वळखीचा येतो
पदराला धरूनी, मला घराकडं नेतो

ही ओवी कृष्णातबद्दल नव्हती, त्यामुळं त्यालाही गोड लागली. पण माहेरची ओवी म्हणताना कोण घाई करतं? शेवटचा हुंकार नदीच्या पाण्यासारखा पसरत गेला. ओवी लांबली तशी जीप रेंगाळली आणि आष्ट्याच्या वेशीत चार मिनिटं उशिरा पोचली. आणखी चार गुण गेले. आता एकसुद्धा मिनिट हातचं जाऊन चालणार नव्हतं.

मुक्काम भावाच्या, अर्जुनाच्या घरी झाला. सकाळी निघताना राहीबाई भावजय ताटात खण-नारळ, तांदूळ घेऊन ओटी भरायला पुढं आली, आणि नेमकं तेव्हाच चौकातून निशाणवाल्याची शिट्टी झाली. कृष्णातनं जन्मातली चूक केली. "ऱ्हाऊ दे ओटी," तो म्हणाला. "म्होरच्या टायमाला भरा."

माहेरातून लेक ओटीवाचून निघाली. शालूबाई जीपमध्ये बसली. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. मग तिनं ओवी सुरू केली ती अशी की जात्यात दाणे नव्हेत, खडे पडले असावेत. इस्लामपूर मागं पडलं तेव्हा कृष्णातच्या ध्यानात आलं की गाणं घोड्यावर बसलं आहे. तीन ओव्या संपतात आणि दुसरा दगड अजून लांब दिसतो. ओवीमागं धावायला तो गाडी पळवत होता, आणि असंच चाललं तर कऱ्हाडच्या पंचांपुढं पाच मिनिटं आधी जाऊन उभं राहायचं. बोलावं तर मोजणी तुटणार. न बोलावं तर इंजीन विहिरीवर.

त्याला आईची आठवण झाली. आई आणि आत्या समोरासमोर बसून दळत. एक चिडलेली असली की दुसरी जात्याच्या खुंट्याला हात घाली, एक ओवी ही म्हणे, एक ती. खुंटा दोघींनी धरला की चाल सुटत नसे. कृष्णातनं पायाचा जोर कमी केला, मिशीवरून हात फिरवला, आणि शालूबाईचा हुंकार संपताच आपल्या परेडच्या आवाजात सुरू केलं.

ओटीविना आणली, चूक माझी धडधडीत
सवतीला जुंपून, माघारी नेतो गाडीत

शालूबाईनं समोर रस्त्याकडंच बघत ऐकलं. तिच्या नाकपुड्या थोड्या हलल्या. पुढची ओवी तिनं घेतली ती पुन्हा रहिमतपूरच्या जात्याची, रोजच्या चालीची. मग एक तिची, एक त्याची. त्याला दुसऱ्या ओव्या येत नव्हत्या, म्हणून दोन दिवस ऐकलेल्याच तो परत म्हणत होता, आपल्याच तोंडानं आपलेच वाभाडे. कऱ्हाडला गुण गेला नाही. साताऱ्यालाही नाही.

साताऱ्याच्या मैदानावर आबा बैलजोडी घेऊन आधीच हजर होते. दोन वर्षं बैल आणायला मागं जावं लागलं होतं, यंदा त्यांनी हेलपाटा वाचवला होता. जीप आपल्या पायांनी आत आली तसे ते दोर घेऊन पुढं आले, आणि उगाच एका बैलाची शिंगं पुसू लागले.

कृष्णातचे आठ गुण गेले होते, नानासोंचे नऊ. ढाल जीपची. पण नानासो वकील होते. गाडीत चालू घड्याळ पाहिजे असा नियम आहे, या जीपमध्ये ते आहे का, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मुख्य पंच दादासो, निवृत्त इंजिनिअर, मोठा नेमका माणूस. त्यांनी कृष्णातकडं पाहिलं. कृष्णातनं बंद घड्याळ दाखवलं आणि खरं काय ते सांगितलं.

"चालू पाहिजे एवढंच नियमात आहे," दादासो विचार करून म्हणाले. "कशाचं पाहिजे ते लिहिलेलं नाही. दहा ओव्या म्हणा, वहिनी. माझ्या घड्याळात दहा मिनिटं भरली तर ढाल तुमची."

पण समोर सासरा उभा. शालूबाईनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि ओठ मिटले. ते आता उघडणार नाहीत हे कृष्णातला नवऱ्याच्या अनुभवानं कळलं. त्यानं टोपी काढून सीटवर ठेवली, सावधान उभा राहिला आणि गायला लागला.

सवतीच्या ओवीला मैदान हसलं. लुगड्याच्या ओवीला डॉक्टरांनी डोळे पुसले. सहावी ओवी तोंडात आली तेव्हा कृष्णातच्या कपाळाला घाम फुटला, खोकल्याची एक उबळ आली. पण थांबलं तर मोजणी तुटणार. त्यानं डोळे मिटले आणि तोंडातले तीन दात, मोठा थाट आणि सुनेचा खुंटा, प्रत्येक ओळ दोनदा, हुंकारासकट म्हणून टाकली. हसता हसता सगळ्यांच्या माना आबांकडं वळल्या. आबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं, दात कुणी मोजू नयेत म्हणून.

"दहा मिनिटं चार सेकंद," दादासो म्हणाले. "चार सेकंद खोकल्याचे." ढाल मिळाली.

बैल सोबत आणलेल्या गड्याच्या स्वाधीन करून आबा जीपमध्ये मागं बसले. मांडीवर दोर. कोरेगाव मागं पडेपर्यंत ते दोराची गाठ मारत आणि सोडत राहिले. गावाचा ओढा आल्यावर एकदाच घसा साफ केला. "इंजीन ऱ्हाऊ दे जिथं हाय तिथं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, दुसरीकडं बघत, "उद्यापास्नं दळण गिरणीत घाला."

दुसऱ्या दिवशी कृष्णात शालूबाईला ओटी भरायला आष्ट्याला घेऊन गेला. येताना गिरणीतून पीठ आणलं. पहिली भाकरी आबांच्या ताटात पडली. त्यांनी पापुद्रा उचलला, सवयीनं वास घेतला आणि म्हणाले, "जळक..."

चुलीपुढं शालूबाईचे ओठ हलले. आवाज काही नाही, नुसता हुंकार लागावा तसे.

आबांनी घास तोंडात घातला, तीन दातांनी तो सावकाश चावला.

"...जळकं कोन म्हंतंय," ते म्हणाले. "लय ग्वाड लागतंय."