सुई बरोबर बसली

टेबलावर पालथं पडून घड्याळवाल्यांनी डोळे गच्च मिटले. डॉक्टर शेजारच्या पडद्यावर मणक्यांचं चित्र बघत बघत त्यांच्या कमरेत सुई सरकवत होते. दुकानात वाकून वाकून धरलेल्या या कमरेनं वर्षभर त्यांचा पिच्छा पुरवला होता. ती एकदाची बरी व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं. आता तिच्या जिवावर घरातली बरीच कामं चुकली होती, ही गोष्ट वेगळी.

"ही नुसती चाचणी," सुई काढून डॉक्टर म्हणाले. "औषध रात्रीपर्यंतच टिकेल. एरवी ज्या कामांनी दुखतं, ती घरी जाऊन करून बघा. दुखलं नाही तर जागा सापडली, पुढच्या आठवड्यात पक्का इलाज. दुखलं, तर दुसरीकडे सुई."

"ज्या कामांनी दुखतं ती सगळी?" दारातून बायकोनं विचारलं.

"सगळी."

"मग काळजीच नको. मला तोंडपाठ आहेत."

घरात पाऊल टाकताच ती म्हणाली, "अहो, पलंगाखाली झाडताना दुखायचं ना?" दुखायचं खरं. म्हणजे, ते तसं म्हणाले होते. गेले बिचारे पलंगाखाली! मग फ्रिज सरकवला. मागे जळमटं निघाली, म्हणून भिंत पुसली. तेवढाच तुकडा उजळला, म्हणून बाकीच्या भिंतीही आल्या. सासूबाई खुर्चीतून देखरेख करत होत्या.

"जावईबापू, पडदे काढतानाही कळवळायचात हो तुम्ही. विसरलात वाटतं?"

"अगं, आता जरा दुखतंय बरं का," घड्याळवाल्यांनी बायकोला हळूच सांगून पाहिलं.

"अगंबाई! मग लावते डॉक्टरांना फोन. दुसरीकडे सुई."

"नको, नको! झकास वाटतंय!"

इकडे आड, तिकडे विहीर. पण गंमत म्हणजे, खरंच झकास वाटत होतं. गाद्या उलटताना तर ते चक्क शीळ घालू लागले. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा म्हणाले, "अजिबात दुखत नाही!"

"वा! सुई बरोबर बसली."

सकाळी चपला घ्यायला ते वाकले आणि "आई गं!" म्हणून अर्ध्यावरच अडकले. बायको धावत आली. त्यांच्या डोळ्यांत पाणी बघून तिचा चेहराच उतरला. तिनं खाली बसून त्यांच्या पायांत चपला सरकवल्या.

"एवढं दुखतं? मला मेलीला वाटायचं, तुम्ही कामं टाळायला सोंग करता."

"अगं, निम्म्या वेळा मलाही तसंच वाटायचं," घड्याळवाले बोलून गेले.

बायको आधी रागानं बघत राहिली, मग खुदकन हसली. त्यांना हाताला धरून तिनं खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली आणि चहा ठेवायला आत गेली. वर्षभरात पहिल्यांदाच घड्याळवाले खुर्चीत अगदी निर्धास्त बसले. दुखत होतं, पण आता ते हक्काचं होतं.

"आठवडाभर हलू नका हं," आतून आवाज आला. "माळा राहिलाय. तो पक्क्या इलाजानंतर!"