विकलेला मॉप

विक्रीच्या प्रात्यक्षिकात चिमणीच्या वाट्याला फरशी पुसायचा मॉप आला. मार्केटिंगच्या शेवटच्या वर्षाची ही परीक्षा तिने एकदा आधीच घालवली होती. ग्राहक "नको" म्हणाला आणि ही "बरं" म्हणून मुकाट्याने निघून आली. यंदा पुन्हा तेच झालं की पदवी लटकलीच, आणि इकडे आई सगळ्या नातेवाइकांना 'आमची पोरगी पदवीधर' असं सांगूनही बसली होती!

बरं, परीक्षा तरी सरळ असावी? बाहेरून येणारे परीक्षक वेष पालटून यायचे आणि माल त्यांनाच विकायचा असायचा. एकदा कुरिअरवाले बनून आले, पोरांनी गुमान सह्या करून पार्सलं घेतली आणि अख्खा वर्ग आडवा झाला. तेव्हापासून परीक्षेच्या दिवशी अनोळखी माणूस दिसला की पोरं आपापला माल घेऊन त्याच्यावर तुटून पडत.

चिमणीला जिन्यात पान्हा घेतलेला माणूस भेटला.

"ताई, पाण्याचा मेन कॉक कुठंय? ऑफिसातून बोलावलंय, वर नळ तुटलाय."

पान्हा काय, कपड्यांवरचे डाग काय! परीक्षक सरांनी तयारी मात्र झकास केली होती.

"सांगते ना काका. आधी सांगा, तुमच्याकडे फरशी कोण पुसतं?"

"बायको. कॉक कुठंय?"

"वाकून पुसतात?"

"मग काय उडून पुसेल? अहो, पाणी चाललंय!"

'ग्राहकाला घाई आहे', हा तर पुस्तकातला पहिलाच आक्षेप. चिमणीने मॉप आडवा धरून जिना अडवला.

"नको मला!" प्लंबर ओरडला.

"नको कसं? काकूंची कंबर दुखत नाही?"

प्लंबरने पान्हा खाली केला. "दुखते. रोज रात्री कण्हते बिचारी."

तेवढ्यात वरून पायऱ्यांवर पाणी ओघळू लागलं. प्रात्यक्षिकासाठी पाण्याचीसुद्धा सोय! चिमणीने न वाकता चार पायऱ्या लख्ख पुसून दाखवल्या. मग प्लंबरने स्वतः पुसून पाहिलं, दांडा निरखला आणि खिशात हात घातला. पैसे मिळाल्यावरच चिमणीने जिन्याखालचा कॉक दाखवला आणि प्लंबरने तो बंद केला.

"अरे, कोणी आहे का रे?" वरून हाक आली.

दोघं धावत वर गेली. पाण्याने भरलेल्या वर्गात एक माळी बाकावर चढून उभा होता. एका हातात झारी, दुसऱ्या हातात तुटलेला नळ.

"मी परीक्षक आहे! झारी भरायला गेलो तर हा हातातच आला. तो मॉप आण आधी!"

चिमणीने प्लंबरकडे बोट दाखवलं. "सर, तो यांना विकला. मला वाटलं, हेच तुम्ही."

"मला विकलेलंच धरतात, माहीत आहे ना?"

चिमणी रडकुंडीला आली. "काका, द्या ना परत. तुमचे पैसे घ्या. उद्या नवा आणून देते."

"उद्या? बायकोची कंबर आज दुखतेय!"

परीक्षक बाकावरूनच म्हणाले, "मी दुप्पट देतो."

"साहेब, नाही म्हटलं ना!" प्लंबरने मॉप छातीशी धरला.

परीक्षक त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी खिशातून भिजलेली गुणपत्रिका काढून तिच्यावर काहीतरी खरडलं.

"नापास ना, सर?" चिमणीने घाबरत विचारलं.

"पास. दुप्पट देऊनही माल सोडत नाही, असं गिऱ्हाईक मला उभ्या जन्मात करता आलं नाही." त्यांनी खाली पाण्याकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला. "आता असं कर पोरी, झाडू कुणाच्या वाट्याला आलाय? बादली कुणाकडे आहे? पाठव सगळ्यांना वर. म्हणावं, सर आज कुणालाच 'नको' म्हणणार नाहीत."