जरा मागनं लावा

म्हात्रेकाका कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढण्याआधी बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवतात. आमचं दार त्यांच्या दारासमोरच आहे, आणि आमच्या घराला दार एकच आहे. तरीही ते एकदा हॉलभर नजर फिरवतात, स्वयंपाकघराच्या दिशेने नाक उचलून गॅसचा वास घेतात आणि मगच टेकतात. बारशाला गेले तर पाळण्याआधी भिंतीवरचं अग्निशमनाचं लाल नळकांडं गाठतात. त्याची तारीख उलटून गेली असेल तर ही बातमी बाळाच्या आईला देतात.

तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात ते सेफ्टी सुपरवायझर होते. निवृत्त झाले, पण कारखाना त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. जन्म इथलाच, खाडीकाठच्या गावातला. त्या गावच्या मिठागरांवर आता टॉवर उभे आहेत आणि त्या टॉवरांचे जिने पुरेसे रुंद नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. बोली अजून गावाचीच. त्यांचं प्रत्येक महत्त्वाचं वाक्य "टेन्शन नाय, पन" अशा शब्दांनी सुरू होतं आणि ऐकणाऱ्याचं टेन्शन तिथूनच सुरू होतं.

"टेन्शन नाय, पन लिफ्टचा आवाज मना आज जरा वेगला वाटला," असं ते एका सकाळी सहज बोलून गेले. त्या दिवशी नेरूळमधली आमची अख्खी सोसायटी जिन्याने ऑफिसला गेली.

अशा माणसाचा आणि विनोदाचा काही संबंध असेल असं तुम्हाला वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं. पण म्हात्रेकाका प्रसिद्ध आहेत ते एका हसण्यासाठी.

'बिऱ्हाड नंबर सात' ही जुनी विनोदी मालिका ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवत असेल, तिचं चित्रीकरण खऱ्या प्रेक्षकांसमोर व्हायचं. एकदा कारखान्याने कामगारांना सहकुटुंब तिथे नेलं, बस करून. समोर एक दिवा असायचा. दिवा लागला की हसायचं, विझला की गप्प. त्या दिवशीच्या भागात घरातले आप्पा रुसून, जुनी ट्रंक उचलून कायमचे निघून जातात असा प्रसंग होता. दिवा विझलेला. मागे सारंगी. बायकांचे पदर डोळ्यांना. आणि त्या शांततेत कुणीतरी असा काही गडगडाट करून हसला की आप्पांचं काम करणारा नट दारातच दचकला. संकलकाला त्या दिवशी डुलकी लागली असावी, कारण ते हसणं तसंच प्रसारित झालं. पुढे मोबाइल आले, तसा तो तुकडाही फोनवर फिरू लागला. चाहत्यांनी त्या अज्ञात प्रेक्षकाचं नाव 'राक्षस' ठेवलं.

"ह्यो राक्षस मी," असं म्हणून काका तो तुकडा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. फोन आपल्या हातात देतात आणि आपण थेट हसण्यापाशी गेलो की हात धरतात. "तिथनं नाय. जरा मागनं लावा." मग पुन्हा आप्पा, पुन्हा ट्रंक, पुन्हा सारंगी. मोठ्या कलावंताला आपल्या कामाची पार्श्वभूमी दाखवायची हौस असते, तसंच हे, असं मी धरून चाललो होतो. मी तो गडगडाट इतक्या वेळा ऐकला होता की मागनं लावलेल्या भागात मी खुशाल चहा पीत असे.

गेल्या वर्षी हिराकाकूंचं, म्हणजे काकांच्या पत्नीचं, मोठं आजारपण झालं. त्यातून त्या उठल्या. चालू लागल्या, खिडकीशी बसून सुकट निवडू लागल्या, भाजीवाल्याशी घासाघीस करू लागल्या. फक्त हसायच्या थांबल्या. रडत नव्हत्या, रुसत नव्हत्या. विचारलं की "बरी हाय" म्हणत आणि पुन्हा सुकटीकडे बघत.

"डॉक्टर म्हनतात, सगले रिपोर्ट नॉर्मल," काका मला जिन्यात म्हणाले. "भाऊ, स्फोटाच्या आधी कंपनीतले काटे पन नॉर्मलच असतात. मशीन आवाज करतंय तवर ठीक हाय. गप झालं का पलायचं. आता ह्या घरातनं मी कुठं पलू?"

एवढ्यात बातमी आली की 'बिऱ्हाड' पुन्हा सुरू होतंय. तेच घर, तेच नट, जरा पिकलेले. काकांनी सगळी भिस्त त्या मालिकेवर टाकली. काकूंना ती फार आवडायची. "बघा तुमी, पहिल्याच भागात हसंल," असं ते मला, वॉचमनला आणि एकदा चुकून काकूंच्या डॉक्टरांनाही म्हणाले.

पहिला भाग लागला. आप्पा आले, धडपडले, विनोद केला. आणि काहीच झालं नाही. नव्या लोकांनी प्रेक्षकांचं हसणं काढून टाकलं होतं. आप्पा वाक्य टाकून क्षणभर थांबत होते, जुन्या सवयीने, आणि त्या जागेत पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

चाहत्यांच्या ग्रुपवर हाहाकार झाला. एकाने लिहिलं, मी दोनदा टीव्हीचा आवाज तपासला. एका बाईंनी लिहिलं, कुठे हसायचं तेच कळत नाही, आता विनोद आपला आपण शोधायचा का? भाजी टाकून बसलेय मी! तिसऱ्याचं म्हणणं, माझ्या घरी मी एकटाच असतो, निदान मालिकेत तरी चार माणसं असायची. या निरोपाखाली कुणीच लाइकचा अंगठा टाकला नाही.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी देशमुख सर माजी प्राध्यापक आहेत आणि माजी असल्याचं त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर निबंधच टाकला. उसनं हसू हा प्रेक्षकाच्या प्रज्ञेचा अधिक्षेप असून, मौन ही विनोदाची परिपक्व अवस्था होय, वगैरे. खाली काकांनी उत्तर दिलं: "सर तुमी हसलात का?" सरांनी ग्रुप दोन दिवस म्यूट केला.

पण त्या पहिल्या रात्री मालिका संपल्या संपल्या काका आमच्या दारात उभे होते, ते मात्र ग्रुपवर लिहिण्यासारखं नव्हतं. चेहरा पांढरा.

"काय झालं काका?"

"हिरानं शेवटपर्यंत बघितलं. मग मना विचारते, त्यांच्या घरात कोन गेलं का?"

मी त्यांना आत घेऊन खुर्ची पुढे केली.

"टेन्शन नाय," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच पुढचा 'पन' आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मार्ग काढला. मालिकेत माणसं नाहीत, तर आपण पुरवू. पुढच्या भागाला आम्ही सात-आठ शेजाऱ्यांनी त्यांच्या हॉलमध्ये बसायचं आणि हसायचं. काकूंचा हसण्यावर कधीच ताबा नसायचा. चार माणसं हसली की त्यांना ओढल्यासारखं हसू यायचं, असा काकांचा अनुभव होता. पण सेफ्टीचा माणूस सराव केल्याशिवाय काही करत नाही. सोसायटीच्या ऑफिसात आमचं मॉक ड्रिल झालं.

काकांच्या हातात कारखान्यातला हिरवा बावटा होता. तो वर गेला की हसायचं, खाली आला की थांबायचं. पहिल्या वेळी आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो. दुसऱ्या वेळी माझी बायको हसली, पण ती माझ्याकडे बघून.

"देशमुख सर, तुमी खोकताय," काका म्हणाले.

"मी मंद हसतोय. प्रत्येकाची एक शैली असते."

"शैली नको. फुफ्फुसं वापरा. आनि खिडकीजवल बसू नका, तो रस्ता मोकला ठेवा."

"हसताना पळायचं आहे का आम्हाला?"

"सांगता येत नाय," काका गंभीरपणे म्हणाले.

पुढच्या भागाच्या संध्याकाळी आम्ही जमलो. काकू खिडकीशी खुर्चीत, मांडीवर सुपात सुकट. एवढी माणसं बघून त्यांनी विचारलं, "आज काय हाय? मीटिंग?" काका म्हणाले, "टीव्ही बघाया आले. ह्यांचा बिघडला." आठ जणांचा टीव्ही एकदम बिघडला, हे काकूंनी मुकाट्याने मान्य केलं. ते मला अजिबात आवडलं नाही. पूर्वीच्या काकूंनी आमची तिथेच सालं काढली असती.

मालिका सुरू झाली. काका काकूंच्या मागे उभे, पडद्याकडे टक लावून. बावटा वर गेला. आम्ही हसलो. जरा उशीर झाला. तोवर पडद्यावर आप्पांनी पुढचं वाक्य टाकलं होतं, ते बुडालं. बावटा पुन्हा वर. पुन्हा आम्ही. सरांनी फुफ्फुसं वापरली आणि त्यांना खरंच ठसका लागला. काकूंनी मान वळवून आम्हाला एकेकाला न्याहाळलं, दवाखान्यात शेजारच्या खाटेकडे बघतात तसं.

"पानी आनू का सरांना?" त्या म्हणाल्या.

मी इतका वेळ सगळं गंमत म्हणून बघत होतो. काकांच्या कपाळावरचा घाम बघितला आणि पुढच्या बावट्याला मी सगळ्यांच्या आधी हसलो. जाहिराती झाल्या. आमचा धीर सुटत चालला होता. जबडे दुखत होते. भाग संपायला आला तरी काकूंची बोटं सुकटीतच.

शेवटचा प्रसंग गंभीर होता. आप्पांचा जुना मित्र गेलेला, आप्पा त्याच्या घरी सांत्वनाला आलेले, हातात चहाचा कप, डोळ्यांत पाणी. काकांनी बावटा खाली केला. तोंड फिरवून त्यांनी तो गुंडाळायलाही घेतला. हॉलमध्ये कुणी हालत नव्हतं.

आणि एक बारीक आवाज आला. नाकातून निसटावा तसा, लगेच दाबलेला, पुन्हा निसटलेला.

आम्ही सगळे वळलो. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. आठ जण आपल्याकडेच बघतायत हे कळून त्या ओशाळल्या, आणि आता हे थांबणार असं वाटलं, तेवढ्यात मागून गडगडाट झाला. राक्षस. खिडकीची तावदानं हादरावीत असा. काका पोट धरून हसत होते. त्यांची पाठ टीव्हीकडे होती.

मग त्यांनी डोळे पुसत विचारलं, "काय झालं गो?"

"कप," काकू म्हणाल्या. बोलता येईना. "कप रिकामा हाय. तिरका धरलाय, काय सांडत नाय... आनि मेला फुंकर मारून पितोय!"

त्यानंतर आम्ही जे हसलो त्याला बावटा लागला नाही. देशमुख सर तर खिडकीचा राखलेला रस्ता अडवून हसत होते आणि काकांनी त्यांना हटकलं नाही.

घरी येऊन मी फोनवर तो जुना तुकडा काढला आणि मागनं लावला. पहिल्यांदाच नीट ऐकला. आप्पा ट्रंक उचलतात. सारंगी. आणि गडगडाटाच्या जरा आधी, एक बारीक आवाज. निसटलेला, दाबलेला. पुन्हा लावून बघितलं तेव्हा दिसलं, आप्पांच्या त्या 'जुन्या' ट्रंकेच्या कडीला दुकानातल्या किमतीची चिठ्ठी लोंबत होती.

सकाळी काका जिन्यात भेटले. अग्निशमनाच्या नळकांड्याचा काटा तपासत होते.

"काका, ट्रंकेवरची चिठ्ठी तुम्हाला तेव्हा दिसली होती?"

"नाय. मना काय दिसतंय? मी दार कुठं हाय ते बघत होतो. चिठ्ठीचं तिनं बसमधे सांगितलं."

"मग तुम्ही हसलात कशाला?"

त्यांनी काट्यावरची धूळ बोटाने पुसली.

"ती हसली ना, भाऊ. सगले वलून बघाया लागले तिच्याकडं."

त्यांच्या दाराआडून काकूंचा आवाज आला. भाजीवाल्याशी भांडत असाव्यात, किंवा फोनवर कुणाला रिकाम्या कपाची गोष्ट सांगत असाव्यात. काकांनी हात वर करून मला गप्प राहायची खूण केली आणि कान दाराकडे लावून उभे राहिले.