निळेकोंडचे बाळारामभाऊ

आमच्या सुकापूरच्या सोसायटीत लिफ्टमध्ये बाळारामभाऊ म्हात्रे भेटले की हवामान सांगतात. पण पनवेलचं नाही, निळेकोंडचं.

"मॅडम, आज निलेकोंडात वारा पडलाय. होड्या सगल्या खाडीतच उभ्या हायत."

मी इथे नवीन राहायला आले तेव्हा घाबरून विचारलं होतं, "कोणी अडकलंय का?"

"छ्या! ऐसा गावच नाय कुठं. मी काढलाय."

'काढलाय' हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की जणू त्यांनी दुकान काढलं होतं.

बाळारामभाऊ एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. वर्ण काळा, मिशा पांढऱ्या, चौकड्याची लुंगी आणि आवाज असा की अजूनही घाटात हॉर्न देतायत. त्यांच्या निळेकोंडात डोंगर आहे, खाडी आहे, पंचायत आहे आणि भांडणंही आहेत. रस्ते मात्र सगळे सरळ. "उभा जलम वलनं घेतली. आता बस." गाव खोटं, पण कारभार काटेकोर. त्यांचं एक वाक्य सोसायटीत पोराटोरांच्या तोंडी आहे: "खोटा चालंल, पन गफलत नाय चालनार."

एकदा त्यांनी जाहीर केलं, की निळेकोंडात कावळे नाहीत. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांना ते फार आवडलं. दोन दिवसांनी भाऊ चेहरा पाडून माझ्या दारात उभे.

"मॅडम, घोटाला झाला. कावला नाय तं पिंडाला कोन शिवल?"

माझे सासरे आतून म्हणाले, "बगळा ठेवा."

"बगल्याचा काय भरवसा? तो मासा बघत बसंल. मेलेल्या मानसानं वाट बघायची किती?"

आठवडाभर भाऊंचं जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी तोडगा निघाला. गावासाठी एकच कावळा, पंचायतीने नेमलेला. "पन त्याला रजा नाय," भाऊ बजावून म्हणाले.

सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टँकरवरून हमरीतुमरी चालली होती. भाऊ उठले आणि निळेकोंडात विहिरीच्या पाळ्या कशा लावल्यात ते सांगू लागले. अध्यक्ष वैतागले. "म्हात्रे, हे सुकापूर आहे!"

"तीच तं अडचन हाय," म्हणून भाऊ खाली बसले.

लोक हसायचे. मीही हसायचे. निवृत्त माणसाचा रिकामा वेळ, दुसरं काय, असं मला वाटायचं. त्यांच्या बायकोला, यमुनाकाकींना, अर्धांगाचा झटका आल्याचं माहीत होतं. पण त्या कधी बाहेर दिसत नसत.

गौरीच्या दिवसांत मी फराळाचं ताट घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. भाऊ खाटेजवळ स्टुलावर बसून सांगत होते, "आज निलेकोंडात काय झालं ठाव हाय? बायांनी पापलेटं वालत घातली. बोंबलासारखी, वलनीवर."

मी हसू दाबलं. खाटेवरून एक जड, अडखळता आवाज आला.

"पापलेट... वालत... नाय घालत. येड्या."

"मंग काय घालतान?"

"बोंबील."

भाऊंनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. ताट घेऊन ते माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आले.

"तिनी मासली इकली उभा जलम," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "आक्खा बाजार गाजवायची. झटका आला आनि गप झाली. डाक्तर बोलले, जीभ चालंल, पन तिनी बोलायला पायजे. मी दुखन्याचं इचारलं का भिंतीकडं तोंड. मंग म्हटलं, दुसऱ्याच गावचं बोलू. येक दिवस सांगताना चुकलो, तं ती बोलली. 'नाय' बोलली."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम चुकता?"

"तिला नका सांगू."

"मग बाकी गाव एवढं काटेकोर कशाला?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, गाव पक्का नसंल तं चूक समजंल कशी?"

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ते काकींना चाकाच्या खुर्चीतून खाली बागेत घेऊन आले. काकी कपाळाला मोठं कुंकू लावून, पदर सावरून बसल्या होत्या. भाऊ मला निळेकोंडची नवी शाळा समजावत होते. डावा हात उचलून काकींनी त्यांना थांबवलं.

"त्या गावात... आपला घर कुठं?"

कावळ्यापासून विहिरीपर्यंत सगळ्याचं उत्तर असलेला माणूस गोंधळला. "आपला? नाय बांदला."

"मंग बांद."

"कुठं बांदू?"

"बाजारा... जवल."

"बाजार नाय तिथं."

"मंग आदी... बाजार."

भाऊ घाईघाईने माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी सांगा, बाजार कवा भरवावा?"

मी तोंड उघडायच्या आत काकी म्हणाल्या, "पाटंचा. मासली ताजी असते... तवा. हिला काय इचारतोस?"

भाऊ लुंगीची गाठ बघायला खाली वाकले. ती गाठ घट्टच होती, तरी बराच वेळ ते वाकलेलेच राहिले.