केळी शाळेत घातली

जगूतात्यांनी शिक्षणखात्याच्या साहेबांना बूट काढायला लावले, तेव्हा मी मनात म्हटलं, संपलं सगळं. साहेब आमची शाळा ठेवायची की बंद करायची हे ठरवायला आले होते, आणि तात्या दारात आडवे उभे राहून त्यांना सांगत होते, "पानमळ्यात आम्ही चपला घालून जात नाय, साहेब. वेल रुसते. इथे तर पोरं बसलीत."

माझ्या चपला त्यांनी पहिल्याच दिवशी उतरवल्या होत्या. स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली असतील. वसईहून टांग्याने तासभर आत, केळीच्या आणि पानांच्या वाड्यांमधल्या एका गावात माझी पहिली नेमणूक झाली. एक खोली, चार इयत्ता आणि मी एकटी. तात्यांची वाडी शाळेच्या कुंपणाला लागून, एवढाच काय तो त्यांचा शाळेशी संबंध. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून ते जमलेल्या मंडळींना म्हणाले, "नवा कोंब आहे. रुजेपर्यंत सावली धरा."

आणि धरली हो गावाने. त्यांच्या चुलतभावाकडे मला खोली मिळाली, रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून भाकरी येऊ लागली. खेड्यात मास्तर टिकत नाही म्हणून सरकारला नावं ठेवणारे मी पुष्कळ पाहिले. मास्तरीण जेवली का, हे विचारणारे पाहिले ते तात्याच. कधी कधी फार विचारायचे. मी भागाकार शिकवत असले की खिडकीत त्यांचं पागोटं दिसायचं. "बाई, आवाज बसलाय. सुंठ घ्या." सगळा वर्ग माझ्या घशाकडे बघत बसायचा.

मग सुकेळ्यांचे दिवस आले आणि माझी झोप उडाली. पिकली राजेळी केळी सोलून दारातल्या मांडवावर उन्हात वाळत घालायची, की झाली सुकेळी. पण मांडवावर कावळे. कावळे हाकायला घरोघरची पोरं. वर्गात उरायची चार डोकी, त्यातली दोन झोपलेली. वरून हुकूम आला: हजेरी सुधारली नाही, तर शाळा बंद आणि बाईंची बदली. पोरांनी मग खाडीपलीकडच्या शाळेत जावं. मुलींना होडीतून कोण पाठवणार होतं? माझ्या पंधरा मुली चुलीपाशी गेल्या असत्या.

मी तात्यांकडे जाऊन रडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला चहा न विचारताच उठून गेले. मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते, तर शाळेच्या अंगणात मांडवच मांडव. गावातली यच्चयावत केळी आमच्या दारात वाळत पडलेली. पोरंही सगळी हजर, कारण कावळे आता इथेच यायचे. तात्यांनी घरोघरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे. चिडल्या असतील काही बायका, पण केळी आली.

साहेब आले ते त्याच आठवड्यात. बूट काढून, नाक आक्रसून आत बसले. पाढे सुरू झाले. "सात पंचे पस्तीस, हाऽड, सात सक बेचाळीस, हाऽड." दोन मुली काठी घेऊन बाहेर पळाल्या, पाढा न सोडता परतल्या.

"शाळेच्या आवारात हा काय बाजार मांडलाय?" साहेबांनी विचारलं.

"पोरं केळी सोडून येईनात," तात्या शांतपणे म्हणाले, "म्हणून केळी शाळेत घातली."

साहेब हसले नाहीत. पोरांना बरेच प्रश्न विचारले, तात्यांनी दिलेलं सुकेळं खाल्लं, दुसरं मागून घेतलं आणि गेले. महिन्याभराने कळलं, शाळा राहणार. वर आणखी एक शिक्षक मिळणार.

मी धावतच तात्यांच्या वाडीत गेले. ते पाटाचं पाणी वळवत होते. "तात्या, तुमचे उपकार कसे फेडू?" मी म्हणाले, तर ते खालीच बघत राहिले.

"उपकार कसले, बाई? ही गेल्यापासून घरात मी एकटा. शाळा सुटली की पोरं ह्या कुंपणावरून ओरडत जातात, 'तात्या, येतो.' शाळा गेली असती, तर मला सांगून जाणारं कोण राहिलं असतं?"

माझी खोली दुसऱ्या बाजूला होती, पण त्या दिवसापासून घरी जाताना मी वाट वाकडी करून कुंपणापाशी थांबू लागले. "तात्या, येते हं." हातातलं काम थांबवून ते म्हणायचे, "या, बाई."