पेंटरनं बनवलेला कीबोर्ड

कॉम्प्युटरला घाबरायचं काय कारण, हे पेंटरला कधी कळलंच नाही. "शेवटी अक्षरंच ना ती? तीस वर्षं अक्षरं माझ्या शब्दाबाहेर नाहीत!" असं तो शिडीवरून ज्याला त्याला ऐकवायचा. आणि ते खोटंही नव्हतं. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्याच हातच्या होत्या.

त्याच्या लेकीला जन्मभर कॉम्प्युटरचंच काम करायचं होतं. दुसरं काही तिच्या डोक्यातच नव्हतं. गावातल्या कॉम्प्युटर शिकवणाऱ्या संस्थेत फुकट शिकायच्या जागा दोनच, आणि त्यासाठी इंग्रजी टायपिंगची परीक्षा. तीही हातांवर पडदा टाकून, न बघता! या वर्षानंतर फुकट जागा बंदच होणार होत्या. आणि घरात कॉम्प्युटर सोडा, धड टेबलसुद्धा नव्हतं.

"एवढंच ना? कीबोर्ड मी करतो!" पेंटर म्हणाला.

त्यानं संस्थेच्या पत्रकातलं चित्र समोर ठेवलं, फळी कापली, लाकडाची बटणं केली. बटण दाबलं की खाली जावं म्हणून त्याखाली जुन्या चपलांचं रबर चिकटवलं. मग ए, बी, सी अशी ओळीनं अक्षरं काढली. अशी सुबक, की दृष्ट लागावी!

लेक वाकून बघत म्हणाली, "बाबा, चित्रात ए पहिला नाहीये. क्यू आहे."

"अगं, छापणाऱ्यानं घोळ घातलाय! क्यू कधी पहिला असतो का? अशी पाटी मी रंगवली असती, तर गिऱ्हाइकानं मला शिडीसकट खाली ओढलं असतं!"

लेक हसली. बाबा अक्षरांत चुकत नाहीत, एवढं तिला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. तिनं पत्रक घडी करून ठेवून दिलं.

सहा महिने घरात नुसती खटखट! पेंटर शब्द सांगायचा, ती डोळे मिटून बडवायची. शेजारीण विचारायची, "अहो, सुतारकाम काढलंय का?" पेंटर छाती फुगवून सांगायचा, "नाही हो, पोरीचं आयुष्य घडवतोय!"

परीक्षेहून लेक परतली. घटाघटा पाणी प्यायली. म्हणाली, "मशीन बिघडलं होतं, बाबा. जाऊ दे." आणि तोंड धुवायला गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही.

जाऊ दे? पेंटरचं डोकंच फिरलं! तो तडक संस्थेत जाऊन धडकला.

"सर, तुमच्या बिघडलेल्या मशीनपायी माझ्या पोरीचं वाटोळं झालं!"

सर बिचारे सज्जन. त्यांनी त्याला खोलीत नेलं. पहिल्या मशीनजवळ जाताच पेंटर ओरडला, "हे बघा! क्यू पहिला! हेच ते बिघडलेलं!" मग दुसरं पाहिलं. "हेही? अहो, तुम्हाला फसवलंय कुणीतरी! मी रंग घेऊन येतो, एका दुपारात सगळी सरळ करून देतो. एक पैसा नको!" तिसरं पाहिलं. चौथं पाहिलं. सहाव्यापाशी तो थांबला.

"सर... सगळी अशीच असतात?"

"सगळीकडे अशीच असतात. का हो?"

पेंटरनं लेकीचं नाव सांगितलं. सर म्हणाले, "अच्छा, ती तुमची मुलगी! अहो, काय वेग तिचा! चाळीस जणांत एकाचाही तेवढा नव्हता. फक्त एकही शब्द बरोबर नव्हता. मी विचारलं, कुणी शिकवलं हे असं? तर म्हणाली, कुणी नाही सर, मीच सराव केला नाही."

सर आणखीही काही सांगत होते. पेंटरच्या कानात काही शिरत नव्हतं. सहा महिने बोटं सोलून निघेपर्यंत बडवणारी पोर म्हणे सराव केला नाही!

घरी आला तेव्हा लेक कपड्यांच्या घड्या घालत होती.

"कुठे गेला होतात, बाबा?"

"एक पाटी बघायला. चुकीची रंगवलेली."

"कुणी रंगवली होती?"

पेंटर खाली बसला. "मीच, गं."

लेकीचे हात थांबले. मग तिनं वर न बघताच विचारलं, "पुसता येईल?"

"नाही," पेंटर म्हणाला. "रंग पक्का वापरतो ना मी."